बारा एमएलडीचं केंद्र बावीसवर नेताना

जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकाजवळ एक पाटी असते. क्षमता अमुक एमएलडी (म्हणजे रोज इतके दशलक्ष लिटर), खाली लोकार्पणाची तारीख, त्याखाली नावांची रांग. गावात पाण्याची ओरड सुरू झाली की नगरपरिषदेच्या सभेत सगळ्यांच्या तोंडी पाटीवरचाच आकडा येतो. ‘आपलं केंद्र बाराचं, गरज बावीसची, म्हणजे दहाचं नवं बांधा.’ ठराव होतो, सल्लागार नेमला जातो आणि बऱ्याचदा तोही हीच वजाबाकी चांगल्या कागदावर छापून देतो.

बरीच वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात घालवल्यावर या वजाबाकीवरचा माझा विश्वास उडालाय. पाटीवर बारा असलेलं केंद्र आज साडेआठच देत असू शकतं आणि थोड्या खर्चात तेच सोळाही देऊ शकतं. यातलं आपलं केंद्र कुठलं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला दोन दिवस पुरतात. सामान म्हणजे एक मीटरपट्टी, एक स्टॉपवॉच आणि केंद्रावरचा जुना ऑपरेटर.

हिशेबासाठी एक काल्पनिक गाव धरू. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६२ हजार. केंद्र १२ एमएलडीचं, म्हणजे रोज एक कोटी वीस लाख लिटरचं. चार फिल्टर बेड, म्हणजे वाळूतून पाणी गाळणारे हौद, आणि एक क्लॅरिफ्लोक्युलेटर, म्हणजे तुरटी मिसळलेल्या पाण्यातला गाळ खाली बसवणारी टाकी. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपरिषदांचं चित्र साधारण असंच आहे.

आधी माणसं मोजा

हाताशी असलेली जनगणना २०११ची, त्यामुळे आजची लोकसंख्या अंदाजानेच काढावी लागते. डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, अंकगणिती, भूमितीय आणि वाढीव वाढीची पद्धत असे तीन तक्ते असतात आणि त्यातला सोयीचा आकडा उचलला जातो. तक्ते करा, पण पडताळा गावातूनच घ्या. घरपट्टीच्या रजिस्टरमधली निवासी मालमत्तांची संख्या, महावितरणची घरगुती कनेक्शनं आणि मतदार यादी ही तिन्ही शेजारी ठेवली की आकडा बऱ्यापैकी घट्ट होतो. हद्दवाढ होऊ घातली असेल तर शेजारच्या ग्रामपंचायतींच्या वस्त्याही धरा. त्या वगळलेल्या योजना पाच वर्षांत तोकड्या पडतात.

आपल्या गावात आज ९५ हजार माणसं आहेत आणि १५ वर्षांनी १ लाख ४० हजार होतील असं धरू. भुयारी गटार असलेल्या किंवा होणार असलेल्या शहराला केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक संस्थेचं मॅन्युअल दरडोई रोज १३५ लिटर धरतं. म्हणजे १८.९ एमएलडी. वितरणातली गळती १५ टक्के धरली तर केंद्रातून २२.२ एमएलडी शुद्ध पाणी बाहेर पडायला हवं. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) आणि गाळ काढण्यात केंद्रातच ५ टक्के पाणी जातं, म्हणून धरणावरून सव्वातेवीसपेक्षा थोडं जास्तच उचलावं लागेल.

गळतीचे ते १५ टक्के हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात ३५ टक्के पाणी मुरत असेल तर आजच्या १२ एमएलडीतले ४.२ एमएलडी रोज जमिनीखाली चाललेत. एक छोटं जलशुद्धीकरण केंद्रच म्हणा ना! एखाद्या झोनचा जलकुंभ भरून घ्या, रात्री एक ते चार वाजेपर्यंत वितरण चालू ठेवून पातळी किती उतरते ते बघा. त्या वेळी नळ कोण उघडतं? उतरलेलं पाणी बहुतेक गळतीचंच. घरातल्या टाक्या रात्री भरत असतील तर तेवढा हिशेब सोडून द्या. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि दाबाचा हिशेब नीट बसवून चोवीस तास पाणी दिलं. ते गाव बघून येण्यासारखं आहे. फक्त जाताना नगरसेवकांबरोबर आपला वॉल्व्हमनही न्या.

कुठलं काम किती वर्षांसाठी, हेही इथेच ठरवून घ्या. जॅकवेल, म्हणजे कच्चं पाणी उचलण्याची विहीर, आणि मुख्य वाहिन्या ३० वर्षांच्या गरजेच्या, शुद्धीकरणाचे युनिट आणि पंप १५ वर्षांच्या. ही विभागणी मॅन्युअलमधलीच आणि शहाणपणाची आहे. नदीत पुन्हा पुन्हा उतरून जॅकवेल बांधता येत नाही, पण केंद्राशेजारी जागा राखली असेल तर पुढचं मॉड्यूल केव्हाही उभं राहतं.

धरणात आपलं पाणी आहे का

जलसंपदा विभागाकडे आपलं आरक्षण किती, करारनामा कुठल्या सालचा, मुदत संपली का, हे पहिल्या आठवड्यातच बघा. आरक्षण वाढवून घ्यायला बांधकामापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. आरक्षणाशिवाय वाढवलेलं केंद्र म्हणजे पंगत मांडली आणि तांदूळच नाही.

कच्चं पाणी कसं आहे हे किमान एक वर्षाच्या नोंदींवरून ठरवा. जुलै-ऑगस्टमधला गढूळपणा आणि मे महिन्यातला वास ही दोन वेगळी दुखणी आहेत. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की खालच्या थरात प्राणवायू उरत नाही, लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं, शेवाळ वाढतं. उजनीसारख्या धरणात वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, तिथे हा त्रास जास्तच. शेवाळ हलकं असतं. ते क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीत, तळाला बसत नाही, तरंगत फिल्टरवर जातं आणि चोवीस तास चालणारा बेड सहा तासांत तुंबवतं. उपाय म्हणजे जॅकवेलला वेगवेगळ्या पातळ्यांवर झडपा, केंद्राच्या तोंडाशी कॅस्केड एरेटर (पायऱ्यांवरून पाणी पाडून त्यात हवा मिसळणारी रचना) आणि गरज पडली तर सक्रिय कार्बनची पूड. फक्त पावसाळ्याचा नमुना तपासून केलेल्या डीपीआरमध्ये यातलं काही सापडत नाही.

जुनं केंद्र मोजायचं कसं

या टप्प्यावर घाई करू नका. पुढचे कोटींचे निर्णय इथल्या सेंटिमीटरवर ठरतात.

पहिली गोष्ट, आत किती पाणी येतं. फ्लो मीटर असतो, पण चालू असेलच असं नाही. इनलेटला पार्शल फ्लूम, म्हणजे प्रवाह मोजायचा अरुंद गळ्याचा पाट, असेल तर त्याची पट्टी घासून साफ करा आणि वाचा. तेही नसेल तर शुद्ध पाण्याच्या टाकीचा आउटलेट बंद करून टाकी किती मिनिटांत किती चढते ते मोजा. ‘रोज २३ तास पंप चालतो’ हे वाक्य लॉगबुकशी ताडून बघा. वीज गेलेले तास त्यात वजा केलेले नसतात. एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त या कामासाठीची स्वतंत्र वीजवाहिनी, नसलेल्या गावात वर्षाची सरासरी वीस तासांवरही येते, आणि मग केंद्र कितीही मोठं असलं तरी क्षमता तिथेच कापली जाते.

मग फिल्टर. एका बेडचा इनलेट बंद करा, आउटलेट नेहमीसारखा चालू ठेवा. वाळूवरचं पाणी खाली जाऊ लागेल. भिंतीला पट्टी धरून एका मिनिटात किती उतरतं ते बघा. हीच ड्रॉप टेस्ट. साध्या जलद वाळू गाळणीचा नेहमीचा वेग चौरस मीटरला मिनिटाला ८० लिटर, म्हणजे पट्टीवर बरोबर ८ सेंटिमीटर. आपला बेड २८ चौरस मीटरचा आहे. ८ सेंटिमीटर उतरलं तर तासाला १३४ घनमीटर, चार बेडचे २३ तासांत १२.४ एमएलडी. पाटी खरी ठरली. पण साडेपाचच सेंटिमीटर उतरलं तर तेच केंद्र साडेआठ एमएलडीचं झालंय. चाचणी प्रत्येक बेडवर दोनदा करा, बॅकवॉशनंतर लगेच आणि पुढच्या बॅकवॉशच्या जरा आधी. दोन आकड्यांत खूप फरक पडला तर वाळू थकली आहे.

बॅकवॉशचीही अशीच पट्टी असते. उलटं पाणी सोडल्यावर ते मिनिटाला साधारण ६० सेंटिमीटर वर चढायला हवं. चाळीसच चढत असेल तर वाळू उचललीच जात नाही, नुसती ओली होते. ब्लोअरची हवा सोडल्यावर बुडबुडे सगळीकडे सारखे आले पाहिजेत. एका कोपऱ्यात उकळी आणि दुसऱ्यात शांतता दिसली की खालचे नोझल फुटलेत किंवा बुजलेत असं समजा.

आणि बेड रिकामा करून एकदा वाळूत उतरा. बाही सारून हात कोपरापर्यंत खुपसा. बोटांना लिंबाएवढे चिकट गोळे लागले तर ते चिखल, तुरटी आणि वाळूचे मडबॉल. एका केंद्रावर अशा गोळ्यांनी अर्धी बादली भरली. तिथला ऑपरेटर तीन वर्षं सांगत होता की वॉशला पाणी कमी पडतंय. कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण त्याचं म्हणणं कुठल्याच नोंदवहीत नव्हतं.

क्लॅरिफ्लोक्युलेटरवर सकाळी कोवळ्या उन्हात उभे राहा. पाण्यात फ्लॉकचे, म्हणजे तुरटीने एकत्र आलेल्या गाळाचे, कण दिसतात. ते वियरजवळ, म्हणजे पाणी सांडून बाहेर पडतं त्या काठाजवळ, वर येऊन सांडत असतील तर टाकीवर भार जास्त आहे, किंवा वियरची पातळी बिघडून पाणी एकाच बाजूने ओढलं जातंय. वियर समतल करायला खर्च जवळपास नाही आणि फरक मात्र डोळ्यांना दिसतो.

शेवटी जार टेस्ट. सहा बीकर, तुरटीचे सहा वेगवेगळे डोस. एक मिनिट जोरात ढवळायचं, पंधरा मिनिटं हळू, मग अर्धा तास स्थिर. कुठल्या बीकरमध्ये पाणी आधी निवळलं ते बघा आणि केंद्रात सध्या कुठला डोस चालू आहे ते बघा. दोन्ही जुळले तर ऑपरेटरला चहा पाजा. पुष्कळ ठिकाणी तुरटी ‘पावसाळ्यात चार पोती, एरवी दोन’ अशीच पडते.

जुन्यातून किती काढता येईल

क्लॅरिफायरमध्ये ट्यूब सेटलर बसवले की त्याच टाकीतून दीडपट, कधी दुप्पटही पाणी निवळून निघतं. ६० अंशांत तिरपे बसवलेले पीव्हीसीचे नळकांड्यांचे संच असतात ते. कणाला टाकीच्या तळापर्यंत जावं लागत नाही, नळीच्या भिंतीपर्यंत पोचलं की काम झालं.

फिल्टरमध्ये नुसत्या वाळूऐवजी दुहेरी माध्यम टाकायचं. वर हलकं आणि जाड दाण्याचं, खाली बारीक वाळू. घाण वरच्या एकाच थरात न अडकता खोलवर पसरते, त्यामुळे वेग मिनिटाला १० ते १२ सेंटिमीटरपर्यंत नेता येतो. वरच्या थराला सहसा अँथ्रासाइट हा कठीण कोळसा वापरतात. पण हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. १९७०च्या दशकात अभियंता जे. एन. कर्डिले यांनी रामटेकच्या छोट्या केंद्रात ट्यूब सेटलर बसवले आणि फिल्टरमध्ये वाळूवर फोडलेल्या नारळाच्या करवंटीचा थर दिला. पुढे वरणगाव आणि चांदोरीलाही त्याच विचाराची केंद्रं झाली. परदेशी पुस्तकांत त्यांची वर्णनं आहेत, आपल्या डीपीआरमध्ये मात्र क्वचित.

या दोन बदलांनी आपल्या गावचे बेड कागदावर १८ एमएलडी देऊ शकतात. तरी मी १८ लिहिणार नाही. अडचण मधल्या चॅनेल आणि पाइपांची. प्रवाह दीडपट झाला की पाइपातला दाबाचा ऱ्हास सव्वादोनपट होतो, कारण तो प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. एरेटरपासून शुद्ध पाण्याच्या टाकीपर्यंत पाणी नुसत्या उताराने जातं आणि तो उतार बांधतानाच ठरलेला असतो. ओढून ताणून १८ सोडले तर क्लॅरिफायरकडून फिल्टरकडे जाणारा चॅनेल काठावरून सांडायला लागतो. म्हणून लेव्हल मशीन लावून प्रत्येक टाकीची पाण्याची पातळी घ्या आणि वाढीव प्रवाहाचा ऱ्हास मांडून बघा. आपल्या गावात हे गणित १६ एमएलडीवर थांबतं असं धरू.

शुद्ध पाण्याची टाकी विसरू नका. क्लोरीनला पाण्याबरोबर किमान अर्धा तास मिळायला हवा. १६ एमएलडीला तासाला सुमारे ७०० घनमीटर पाणी येतं, म्हणजे ३५० घनमीटर तरी टाकीत कायम हवं, आणि पाणी सरळ इकडून तिकडे पळू नये म्हणून आत आडव्या भिंती.

नवं मॉड्यूल आता ठरवा

बावीस वजा सोळा, सहा. एक बेड दुरुस्तीला गेला तरी गावाला पाणी पुरावं म्हणून ८ एमएलडीचं मॉड्यूल घ्या. दहाचं घेणार होतो, आठात भागलं आणि जुनं केंद्रही ठणठणीत झालं.

नव्या आणि जुन्या भागाला पाणी वाटणारा चेंबर एकच ठेवा आणि त्यात दोन्हीकडे मोजणी होईल असे वियर बसवा. नुसत्या वॉल्व्हवर वाटणी सोडली की जवळच्या टाकीला जास्त आणि लांबच्या टाकीला उपास. जागा निवडताना जमिनीच्या भावाआधी पूररेषा आणि पातळी बघा. पाणी उताराने गेलं तर वीज लागत नाही. दहा लाख लिटर पाणी एक मीटर उचलायला पंपाच्या कार्यक्षमतेप्रमाणे चारएक युनिट जातात. २२ एमएलडी पाणी उगाच पाच मीटर जास्त उचललं तर दिवसाला साडेचारशेच्या आसपास युनिटं गेली, रोज, पुढची तीस वर्षं.

रसायनांचं गणित तोंडी करता येतं. एक एमएलडीला लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक किलो. पुरात ६० मिलिग्रॅम तुरटी लागली तर २२ एमएलडीला रोज १,३२० किलो. महिन्याची सरासरी चाळीस धरली तरी २६ टन. गोदामात मावतात का? ट्रक आत वळतो का? क्लोरीन दोन मिलिग्रॅम धरला तर रोज ४४ किलो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये जेमतेम ३० टक्के क्लोरीन असतो, म्हणजे दीडशे किलो पावडर, आणि ती ठेवल्या ठेवल्या उतरत जाते. या आकाराला पावडर हाताने कालवणं बंदच करा. क्लोरीन गॅसचे टनर, म्हणजे टनाचे सिलिंडर, किंवा मिठापासून जागेवर हायपोक्लोराइट बनवणारं यंत्र घ्या. गॅस घेतलात तर लक्षात ठेवा, क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. एक्झॉस्ट पंखा जमिनीलगत हवा, मास्क खोलीच्या बाहेर टांगलेला हवा. मास्क आत कुलपात ठेवलेली केंद्रं मी पाहिलीत.

बॅकवॉशचं पाणी नाल्यात सोडू नका. ते टाकीत निवळू द्या आणि वरचं पाणी थोडं थोडं करून इनलेटला परत घ्या. तळाच्या गाळाला वाळवण वाफे हवेत. त्यांची जागा आराखड्यात आधीच धरा, नंतर उरत नाही.

मंजुरी आणि निविदा

तांत्रिक मान्यतेसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, पैशासाठी केंद्र सरकारची अमृत २.० योजना किंवा राज्याचं नगरोत्थान महाअभियान. अमृत २.०मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहराला केंद्र सरकारचा वाटा निम्मा, एक ते दहा लाखांना एक तृतीयांश. आपलं गाव नेमकं या रेषेजवळ आहे, तेव्हा कुठली लोकसंख्या धरली जाते ते आधी विचारून घ्या.

निविदेत एक अट ठाम लिहा. कच्च्या पाण्याचा गढूळपणा किती ते किती असेल, आणि त्या सगळ्या टप्प्यात फिल्टरनंतरचं पाणी १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, आयएस १०५००ची, स्वीकार्य मर्यादा तीच आहे. पर्यायी स्रोत नसेल तर चालणारी ५ एनटीयूची मर्यादा ठेकेदाराला देऊ नका. चाचणी काळात एक पूर्ण पावसाळा यायलाच हवा, अशीही अट घाला. फेब्रुवारीत ताब्यात घेतलेलं केंद्र कुणाचंही छानच चालतं. वाळूच्या प्रत्येक ट्रकची चाळणी चाचणी करून घ्या. प्रभावी आकार ०.४५ ते ०.७० मिलिमीटर, एकरूपता गुणांक १.७च्या आत.

पाणी चालू ठेवून जोडणी

गावाला या सगळ्या कामातलं आठवतं ते इतकंच, की पाणी किती दिवस बंद होतं.

जुन्या केंद्रातलं काम दिवाळीनंतर काढा आणि फेब्रुवारी संपायच्या आत आटपा. मार्चपासून मागणी चढते आणि जूनमध्ये गढूळ पाणी येतं. बेड एकेक करूनच रिकामे करा. एक बेड बंद असताना उरलेल्या तिघांवर किती भार येतो ते ड्रॉप टेस्टच्या आकड्यांवरून आधी मांडा. सगळ्यात खराब बेडपासून सुरुवात करा, म्हणजे तो गेल्याचं गावाला फारसं कळत नाही आणि परत आल्यावर पुढच्या बेडला उसंत मिळते.

मुख्य वाहिनीच्या जोडणीला शटडाउन लागतोच. त्याच्या महिनाभर आधी त्या मार्गावरचा प्रत्येक स्लूस वॉल्व्ह फिरवून बघा. हे मी फटका खाऊन शिकलो. एका ठिकाणी बारा तासांचा शटडाउन जाहीर केला. रात्री दहाला वॉल्व्ह बंद करायला घेतला तर स्पिंडल मोडून फिटरच्या हातात आली. वीसेक वर्षं तो कुणी फिरवलाच नव्हता. पाणी थांबेना, पाइप कापता येईना. शेवटी जॅकवेलचे पंप बंद करून सगळी वाहिनी रिकामी करावी लागली आणि बाराचे एकतीस तास झाले. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा फोन खाली ठेवायला मिळत नव्हता.

आदल्या रात्री सगळे जलकुंभ काठोकाठ भरा. दवाखाने आणि शेवटच्या टोकाच्या वस्त्यांसाठी टँकर उभे ठेवा. लागणारे फ्लँज, गॅस्केट, बोल्ट जागेवर आणून मापं जुळवून बघा. जुन्या बिडाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास नव्या डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपाशी जुळेलच असं नाही, म्हणून आधी खड्डा खणून पाइप उघडा करा आणि टेप लावा. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काही तास ते लाल-गढूळ येणार. वाहिनीचा वॉशआउट, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडप, उघडून ते बाहेर सोडा आणि हे कालच्या दवंडीतच सांगून ठेवा.

ताब्यात घेताना

टाक्या भरून सात दिवस पातळी बघा. नव्या बेडला पहिले चार-पाच बॅकवॉश झाले की वाळूच्या वर पिठासारखा थर साचतो. तो दोन-तीन सेंटिमीटर खरवडून टाकायचा असतो. ठेकेदार हे काम टाळतो आणि मग बेड पहिल्या महिन्यातच तुंबायला लागतो. नंतर क्लोरीनचं पाणी भरून बेड चोवीस तास ठेवा, सोडून द्या, नमुने तपासा. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. गावातल्या शेवटच्या नळाला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम लागला पाहिजे. तो केंद्रावर न मोजता शेवटच्या नळावरच मोजा.

ड्रॉप टेस्ट आता पुन्हा करा, सगळ्या बेडची, आणि आकडे तारखेसह केंद्राच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. दर वर्षी दिवाळीनंतर त्याखाली नवी ओळ येऊ दे. आणि ऑपरेटरला एक मीटरपट्टी विकत आणून द्या, ती नगरपरिषदेच्या खरेदीत तीन महिने अडकू शकते.